बाबांच्या चालीने

सासऱ्यांनी खुर्चीत बसल्याबसल्याच काळ्याठिक्कर क्लच-प्लेटा सुनेसमोर टेबलावर आपटल्या. "सूनबाई, तीन महिन्यांत करपवल्यास!"

"कळतंय बाबा, मलाही नाक आहे!" ती फणकारली.

आता फणकारून काय उपयोग? दवाखान्याला मोटरसायकलने घरोघरी जाणारी नर्स हवी होती आणि ही नोकरी मिळवायचीच, असा हिने चंग बांधला होता. चाचणी एकच: दोन रेघांमधून चालण्याच्या वेगाने जायचं, पाय टेकायचा नाही. दोनदा टेकला होता. दोन आठवड्यांनी, सोमवारी शेवटची संधी. नवऱ्याने शिकवलेलं, "क्लच सोडलास की संपलीस!" म्हणून ही बया सिग्नलला, सरळ रस्त्यावर, कुठेही क्लच अर्धा दाबूनच बसायची. मग प्लेटा जळणार नाहीत तर काय!

सासरे जन्माचे मेकॅनिक. पण पक्षाघातानंतर वर्षभर त्यांनी खुर्ची सोडली नव्हती. "चाला, चाला" म्हणून डॉक्टर थकले होते. त्या दिवशी मात्र नव्या प्लेटा बसल्या आणि म्हातारा काठी घेऊन उठला.

"मी पुढे, तू मागून. मला ओलांडायचं नाही, पाय टेकायचा नाही. गाडी ओढ घेईल तेवढाच क्लच सोड, मागचा ब्रेक हलका धर. नजर चाकावर नको, माझ्या टोपीवर. गल्ली संपली की क्लच पूर्ण सोडायचा. थांबलीस तर न्यूट्रल."

पहिल्या दिवशी अकरा वेळा पाय टेकला. शेजारीण गॅलरीतून खुदुखुदू हसली.

"हसू दे," सासरे म्हणाले, "तिचं दूध जाईल उतू."

रोज सकाळ-संध्याकाळ ही वरात निघायची. नवव्या दिवशी सून ओरडली, "अहो बाबा, हळू चला ना! मला गाडी पळवावी लागतेय!"

म्हातारा थबकला. काठी काखेतच होती. दोघांचेही डोळे भरून आले.

"चल, पुन्हा," एवढंच तो म्हणाला.

सोमवारी रेघांच्या पलीकडे टोपी उभी होती. दवाखान्याच्या साहेबांनी शिट्टी दिली. गाडी ओढ घेईपर्यंत क्लच सुटला, ब्रेक हलका लागला आणि टोपी पावलापावलाने जवळ आली. पाय टेकला नाही.

"पास," साहेब म्हणाले. "आजोबांना मागे बसवून न्या आता."

"छे! मी चालत येतो," सासरे म्हणाले. ती नेहमीसारखी त्यांच्यामागे गाडी लावू लागली, तसे ते खेकसले, "मागे रेंगाळू नकोस, क्लच जाळशील! तू हो पुढे."