नवसाच्या सायकलला गियर

चांगुणाबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन नगरला चालू होतं, तेव्हा त्यांचे यजमान कानिफनाथ आप्पा दवाखान्याच्या पायरीवर बसून नवस बोलले. ही बरी झाली तर दर वद्य एकादशीला स्वतःच्या पायांनी नेवाशाला माउलींच्या दर्शनाला येईन. सायकलही पायांनीच मारावी लागते, म्हणून ती नवसात बसते, असा गावचा जुना निवाडा आहे. बाई बऱ्या झाल्या. आप्पांच्या गुडघ्यांना मात्र नवस बोलताना कोणी विचारलं नव्हतं.

काही एकादशा झाल्या आणि आप्पा ओट्यावर चढताना खांब धरू लागले. डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली. पण त्यांना थांबा म्हणायचं कोणी? एकुलत्या एका मुलाने, कल्याणने, एकदा तोंड उघडलं, तर "आईच्या जिवावर उठलास का?" असं ऐकून घ्यावं लागलं.

कल्याणचं फाट्यावर सायकलचं दुकान होतं. साध्या सायकलला मोटर बसवून देण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्याने आप्पांची सायकल दुकानात नेली आणि मागचं चाक काढून मोटरचं चाक घातलं. ही मोटर चाकाच्या मधोमध असते, लाडवाच्या डब्याएवढी. उघडी ठेवली असती तर शेंबड्या पोरानेही ओळखली असती. म्हणून त्याने तिच्या अंगावर सात चकत्यांचा गियर चढवला. जुन्या सायकलच्या मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यात एवढी जागा कुठली? त्याने चिमटा फाकवला, चेन घासू नये म्हणून वायसर घातले आणि मोटर गियरच्या आड गेली. पायडल फिरलं की ती आपणहून जोर लावणार होती.

"आप्पा, गियर बसवलाय. हलकी जाईल आता," तो म्हणाला. "कॅरियरखालच्या पिशवीत दिव्याची बॅटरी हाय." आईलाही त्याने तेच सांगितलं आणि दशमीला ती बॅटरी चार्जिंगला लावायचं काम तिच्याकडे दिलं.

आप्पा खूश. पारावर बसून मांडी थोपटत सांगायचे, "गियर लई भारी! पन गियर काय सोता चालतो व्हय? पाय लागत्यात, पाय!" लोक हसायचे आणि कल्याण मान खाली घालून तिथून सटकायचा. बापाचे गुडघे वाचले याचा आनंद त्याला होताच. पण देवाला दिलेल्या शब्दात आपण भेसळ केली, तीही बापाच्या नकळत, हे काही केल्या मनातून जात नव्हतं. एकादशीच्या दिवशी त्याला घास गोड लागेना.

भाद्रपदात चांगुणाबाईंना पुन्हा धाप लागायला लागली. डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या. आप्पांनी मात्र कारण स्वतःच शोधलं. ते सायकल ढकलत दुकानात आले.

"गियर काढ. जुनं चाक घाल. माउलीला सवलत मान्य न्हाई."

"आप्पा, गुडघं..."

"गुडघं जाऊ दी. ही जायला नगं."

कल्याणने पाना हातात घेतला. जुनं चाक घालून गप्प बसावं, तर बाप त्या पायांनी नेवाशाला निघणार. खरं सांगावं, तर आईची धाप या मोटरमुळेच लागली असं तो धरून बसणार. कल्याणला स्वतःलाही आता तसंच वाटत होतं.

"आप्पा, त्यो नुसता गियर न्हाई. मागं मोटर हाय. गियर बसवला तवापास्नं."

आप्पा खाली वाकले. बोटाने गियरच्या मागे चाचपलं. "म्हंजी मी गेल्तो त्या समद्या एकादशा..."

"व्हय."

आप्पा घराकडे चालू लागले. कल्याण दुकान उघडं टाकून त्यांच्या मागे धावला.

चांगुणाबाई ओट्यावर टेकून बसल्या होत्या. आप्पांनी सगळं सांगितलं. "तुझ्या लेकानं देवाला फसवलं. म्हनून तुला धाप लागती."

"दिव्याला येवढी बॅटरी लागती व्हय?" त्या दम घेत म्हणाल्या. "मी काय येडी हाय? मला पैल्याच दशमीला कळलं हुतं. तरी लावत हुते."

आप्पांचा आवाज चढला. "आन देवाला मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा. नवस माझ्या जिवासाठी, आन मला कुनी ईचारलं? तुमी लंगडं हून आला आसता तर मी जगून काय केलं आसतं? तुमाला उचलत बसले आसते?"

आप्पांनी आपल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, "तुझं तू सांग. चल माझ्यासंगं, एसटीनं."

गोळ्या लागू पडल्या, धाप थांबली. एकादशीला दोघं एसटीने नेवाशाला निघाले. कल्याण थांब्यापर्यंत पिशवी घेऊन गेला. त्या दिवसापासून आप्पा त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते. गाडी आली तसा त्याने धीर केला, "आप्पा, मी पन येतो. मलाबी माफी मागायचीया."

"नगं," आप्पा दांडी धरून पायरी चढत म्हणाले. "तू दुकान बघ. तुझ्या वाटची मीच मागून घीन."

त्यापेक्षा आप्पांनी दोन मुस्कटात मारल्या असत्या तरी चाललं असतं, असं गाडी गेल्यावरही कल्याणला वाटत राहिलं.