नाकवालीच्या घरातला डबा

वापरलेले डायपर टाकायचा डबा घ्यायला माणसं पैसे घेऊन जातात, फार तर पिशवी घेऊन जातात. या घरातली माणसं मात्र नाक घेऊन गेली. नवऱ्याने दुकानात शिरल्या शिरल्या सांगून टाकलं, "हिला दाखवा. ही साबणाच्या कारखान्यात वास तपासते." दुकानदाराने ते इतकं मनावर घेतलं की फडकं काढून त्याने आधी काउंटर पुसलं आणि मगच तीन डबे मांडले.

पहिला साधा, प्लॅस्टिकचा, हाताने झाकण उघडायचा. दुसरा स्टीलचा, पायाने दाबून उघडायचा. तिसरा उंच आणि निमुळता. त्यात लांबलचक पिशवीची गुंडाळी होती. डायपर टाकून वरची चकती फिरवली की पिशवीला पीळ बसायचा आणि प्रत्येक डायपर वेगळा बांधला जायचा. "पिशवी मात्र हीच लागते, आणि ती आमच्याकडेच मिळते," दुकानदार म्हणाला. नवऱ्याने तिसऱ्या डब्यावरची नजर तिथेच काढून घेतली.

"प्लॅस्टिक वास धरून ठेवतं म्हणतात," दुकानदार पुढे म्हणाला, "पण तुमच्यापुढे मी काय बोलणार? तुम्हीच बघा."

ती वाकली. डोळे मिटून, कारखान्यात घ्यायची तसाच, तिने स्टीलच्या डब्याचा बेताने वास घेतला. काहीच आलं नाही. ना रबराचा वास, ना नव्या स्टीलवरच्या तेलाचा. मग तिने झाकणाच्या कडेच्या रबरी पट्टीवरून बोट फिरवलं, पेडल दाबून सोडलं, झाकण सावकाश उतरून चौफेर टेकतंय ना ते पाहिलं आणि म्हणाली, "हा घेऊ या. याचं रबर चांगलं आहे." नवऱ्याने मान डोलावली. तिचं नाक एकदा बोललं की घरात त्यावर अपील नसे.

खरी गोष्ट अशी होती की तिला वास येतच नव्हता. मुलगी झाल्यावर काही दिवसांनी तिला ताप आला, सर्दी झाली. यथावकाश दोन्ही गेली आणि जाताना वास घेऊन गेली. नवरा औषधाच्या दुकानात गेलेला असताना तिने डॉक्टरांना हळूच विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी, ते सांगता येत नाही. कधी कधी येतही नाही. त्यांच्या दृष्टीने ती एक साधी तक्रार होती. आई आणि बाळ दोघी धडधाकट होत्या, अजून काय पाहिजे?

तिला पाहिजे होतं ते नाक. शिक्षण बेताचं, हातात काही कला नाही, बोलण्यात चारचौघींत मागे. कारखान्यात ती लागली पॅकिंगला. एकदा साबणाचा एक घाणा तिथपर्यंत आला तेव्हा ती म्हणाली, यात काहीतरी करपलंय. सगळ्या हसल्या. तपासल्यावर निघालं खरंच. तेव्हापासून ती आतल्या खोलीत बसू लागली, जिथे कागदाच्या पट्ट्या अत्तरात बुडवून नाकाखाली धरतात आणि हा घाणा पास की परत ते ठरवतात. तिथल्या मोठ्या बाई कुणाचं कौतुक करत नसत, पण शंका आली की पट्टी हिच्याकडे सरकवत. घरीही तेच. दूध नासलंय का, कपाटाला ओल आलीय का, शेजाऱ्यांकडे काय करपलं, सगळ्याला तीच. ती लग्न होऊन आली आणि सासूबाईंनी आयुष्यभर केलेलं वास घेण्याचं काम तिच्याकडे सोपवून टाकलं. आता सोमवारी तिची रजा संपत होती. रोज सकाळी न्हाणीघराचं दार लावून ती व्हिनेगरची बाटली नाकाला लावायची. डोळ्यांतून पाणी यायचं, वास यायचा नाही.

सांगून टाकायला हवं हे तिला कळत होतं. पण जिभेवर आलेलं ती रोज गिळत होती. एकदा बोलले की खरं होईल, असं तिला वाटे. त्यातून बाळंतपण, झोपेचं खोबरं, पाठीचा ठणका. थकलेल्या माणसाला निर्णय उद्यावर ढकलायला निमित्त लागत नाही.

डबा मुलीच्या खोलीत पाळण्याशेजारी बसला. मुलीला सगळे चिमी म्हणत. खोली लहान, एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीकडे उघडणारी. वापराचे नियम सासूबाईंनी घालून दिले, जरी डायपर त्यांना मुळात मान्य नव्हते. "आमच्या वेळी लंगोट होते," त्या म्हणत. "बादलीत भिजवले, धुतले, उन्हात टाकले. घाण घरात साठवून वर तिला झाकण घालायची हौस नव्हती आम्हाला." तरी आतली घाण आधी संडासात टाकायची, डायपरची घट्ट गुंडाळी करून त्याच्याच पट्ट्यांनी बांधायची, डब्याच्या तळाला खाण्याचा सोडा भुरभुरवायचा, हे सगळं त्यांनीच शिकवलं. झाकणाच्या आतल्या कप्प्यात दुकानदाराने दिलेली कोळशाची पुडी तिने स्वतः बसवली.

डबा भरला की रिकामा करायचा, इतकंच तिच्या डोळ्यांना कळायचं. बाकी कुणाला भरण्याआधीच कळलं असतं. आणि कळत होतंच. गंमत अशी की कुणी बोललं नाही.

नवऱ्याला वाटलं, आपलेच बूट. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्टच्या तळातल्या खड्ड्यात उतरावं लागतं आणि तिथे काय काय साचलेलं असतं ते विचारू नये. त्याने बूट दाराबाहेर ठेवायला सुरुवात केली. तरी वास राहिला तेव्हा तो जेवून उठला की बाल्कनीत जाऊन बसू लागला.

सासूबाईंचं याहून वाईट झालं. म्हातारपणी अंगाला वास येतो असं त्यांनी ऐकलं होतं. सून डब्याबद्दल काही बोलत नाही म्हणजे वास डब्याचा नाहीच, ती तर नाकवाली. मग हा येतो कुठून? आपल्यापासूनच. सून चांगल्या घरची म्हणून बोलत नाही. त्यांनी गोधडी धुतली, उशीचा अभ्रा धुतला, दोन वेळा अंघोळ करायला लागल्या आणि शेवटी अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत गेल्या. "मला आत उकडतं," एवढंच म्हणाल्या. चिमीला घेताना हात लांब धरून घेऊ लागल्या.

आणि तिला वाटलं, यांना कळलं. नवरा बाल्कनीत, सासूबाई बाहेरच्या खोलीत, मुलीला घेतात तेही अंतर राखून. आपल्याला न विचारता दोघांनी आपली किंमत ठरवून टाकली. तीही मग घुम्यासारखी वावरू लागली. तीन शहाणी माणसं एका डब्याभोवती तोंडाला कुलूप लावून फिरत होती आणि डबा आपला शांतपणे भरत होता.

शनिवारी दुपारी नवरा घरी होता. पाळण्याचा एक स्क्रू ढिला झाला होता, तो आवळत बसला होता. सासूबाई वाळलेले कपडे घड्या करत होत्या. ती मुलीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. चिमी कुरकुरत होती, मग झोपली, मग झोपेतच कण्हायला लागली. तिने थोपटलं, पाजलं, पुन्हा थोपटलं. तिचेही डोळे मिटत होते. शेवटी चिमी अशी किंचाळली की नवऱ्याच्या हातातला स्क्रू पडला.

तिने डायपर उघडला. आतलं सगळं अंगाला चिकटून सुकत आलं होतं. खालची कातडी लालभडक झाली होती आणि मांडीच्या घडीत सोलवटली होती.

"अगं, हे कधीपासून आहे?" सासूबाई घडी टाकून उठल्या.

नवरा जवळ येऊन उभा राहिला. "मला मघाशीच वास आला होता," तो अवघडून म्हणाला. "पण तू मांडीवर घेऊन बसली होतीस. म्हटलं, असता तर तुला आधी आला असता."

"मलाही आला होता," सासूबाई म्हणाल्या. "पण मला वाटलं…" आणि थांबल्या.

कोमट पाण्यात कापूस बुडवून ती मुलीला पुसत होती. कापूस लागला की चिमी पाय झाडायची. ज्या नाकावर आपण एवढा तोरा मिरवला त्याच्या पायी पोरीची कातडी सोलली, हे तिच्या मनात इतकं स्पष्ट आलं की आता गिळायला काही उरलं नाही.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "तापानंतर गेला. डब्याचा येत नाही, हिचा येत नाही. कशाचाच येत नाही."

सासूबाई तिच्यासमोर खाली बसल्या.

"म्हणजे तो वास माझा नव्हता?" त्यांनी विचारलं.

"तुमचा?"

"अगं, मी मेली गोधड्या धुऊन धुऊन अर्धी झाले." आणि त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "मला वाटलं मीच सडायला लागले."

"आणि मी नवे बूट बघून आलो," नवरा म्हणाला.

ती दोघांकडे पाहत राहिली. इतके दिवस तिने मनात त्यांच्याशी केवढी भांडणं केली होती. आता त्यांतल्या एकाही भांडणाला अर्थ राहिला नाही. तिला शरम वाटली, आणि खूप दिवसांनी पाठ जरा सैल झाली.

नवऱ्याने डबा न्हाणीघरात नेला. पेडल दाबलं तसा तो तोंड फिरवून खोकला. आतून ओरडला, "या कोळशाच्या पुडीवरचं प्लॅस्टिक कुणी काढलंच नाही." कुणी म्हणजे कुणी ते सगळ्यांना माहीत होतं. एरवी सासूबाईंनी हे महिनाभर पुरवलं असतं, पण त्या दिवशी त्या फक्त म्हणाल्या, "व्हिनेगरने धू रे, आणि वाळल्याशिवाय पिशवी घालू नकोस. आता रोज संध्याकाळी मीच रिकामा करत जाईन. माझं नाक काय अजून गेलेलं नाही." हे बोलल्यावर त्यांनी जीभ चावली. ती म्हणाली, "असू दे आई, खरंच आहे ते."

मलम लावून चिमीला उघडीच टॉवेलवर झोपवली, वारा लागावा म्हणून. सासूबाई अंथरूण उचलून परत आत घेऊन आल्या आणि चहा टाकायला गेल्या. नवरा ओल्या हातांनी येऊन शेजारी बसला.

"सोमवारचं काय?" त्याने विचारलं.

"मोठ्या बाईंना सांगायचं. नाक नाही म्हटल्यावर त्या तरी कशाला ठेवतील? पॅकिंगला उभी राहीन."

येईल गं परत, असं काहीतरी तो म्हणेल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला नाही. त्याला ते माहीत नव्हतं, आणि माहीत नसलेलं तो बोलत नसे. त्याने फक्त तिचा हात हातात घेतला. त्याच्या हाताला व्हिनेगरचा वास येत असणार, तिने अंदाज केला.

चिमी झोपेत ओठ हलवत होती. तिच्या टाळूवरची जावळं घामाने चिकटली होती.

"हिचा वास कसा येतो रे?" तिने विचारलं.

"कुणाचा? हिचा?"

"मी घेतलाच नाही ना. पहिले काही दिवस आला असेल, तेव्हा दुखण्यातच होते. लक्ष दिलं नाही. नंतर येईनासाच झाला."

नवरा वाकला. चिमीच्या टाळूला नाक लावून त्याने वास घेतला. "छान येतो," तो म्हणाला.

"छान म्हणजे काय? छान कुणीही म्हणेल. आधी काय येतं, मागून काय उरतं, ते सांग."

तो पुन्हा वाकला. लिफ्टमधलं कुठलंही बिघडलेलं चाक तो आवाजावरून ओळखायचा, पण हे काम त्याला कुणी कधी दिलं नव्हतं. कपाळाला आठ्या पडल्या. "आधी दुधाचा," तो म्हणाला. "मग इस्त्रीच्या कपड्यांचा, गरम असताना. आणि मग…"

"मग काय?"

"मग तुझा."

"माझा कसला? वास तपासायला बसायचं म्हणून मी कधी पावडरसुद्धा लावली नाही. मला माझा वासच नव्हता."

"होता की. तू घरात आलीस की आधी तोच यायचा," तो म्हणाला. "हिला तोच येतोय, अगदी तोच."

इतकी वर्षं दुनियेचे वास पास-नापास करत बसलेल्या तिला ही गोष्ट कुणी सांगितली नव्हती. रडू आलं, ते तिने येऊ दिलं. मग नाक पुसून ती मुलीच्या आणखी जवळ सरकून बसली.

"परत घे," ती म्हणाली. "आणि नीट सांग."