खाच पडलेली बार्टका

मित्रांनो, मी एक जुनी बार्टका आहे. लांब दांडा, वर तळहाताएवढे पाते आणि पात्याच्या पाठीवर पितळेची फुले. चालताना काठी, लाकडापुढे कुऱ्हाड आणि भांडणात हत्यार. एके काळी आमच्या कार्पेथियन डोंगरात बार्टकेशिवाय पुरुष घराबाहेर पडत नसे. माझ्या धारेत मधोमध एक खाच आहे. सध्या मी ज्या भिंतीवर टांगलेली आहे, तिथे येणारा प्रत्येक पाहुणा त्या खाचेवर बोट ठेवतो आणि डोळे बारीक करून विचारतो, "हिनं कुणाला मारलं?" मला त्या प्रश्नाचा फार राग येतो. तो अगदीच चुकीचा नाही, म्हणून तर जास्तच येतो.

माझा जन्मच मारातून झाला. चेरेमोश नदीकाठच्या एका लोहाराने मोडके लोखंड तापवून मला इतके बडवले, की अजूनही घणाचा आवाज आला की माझे अंग आक्रसते. लालभडक असतानाच त्याने मला थंड पाण्यात बुडवले. मग फुलांनी सजवले आणि एका तालेवार मेंढपाळाने मला घरी नेले. त्याच्या थोरल्या मुलाच्या, प्रोकिपच्या लग्नात मी अंगणभर नाचले. नाच रंगला, दारू रंगली आणि रीतीप्रमाणे मारामारीही रंगली. त्यात एका व्हायोलिनवाल्याचा कान गेला, तो माझ्यामुळे. दुसऱ्या दिवशी मला दारूने धुतले. म्हातारा येईल त्याला माझी धार दाखवू लागला आणि पोरगी गुणाची निघाली म्हणून सांगू लागला.

म्हातारा वारला. आमच्याकडे बार्टका थोरल्याकडे जाते, तशी मी प्रोकिपकडे गेले. डोंगरमाथ्यावरचे कुरण मात्र दोघा भावांत वाटले गेले आणि मधे दगडांची रांग लागली. ओढा धाकट्याच्या, तानासच्या वाट्याला आला. प्रोकिपला ओढ्याचे दुःख, तानासला माझे. एकदा बर्फ वितळल्यावर प्रोकिपला हद्दीचा एक दगड हललेला दिसला. विचारले नाही, पुसले नाही, मला उगारून तो सख्ख्या भावावर धावून गेला. तानास वाकला म्हणून वाचला. माझी धार त्याची भुवई फाडून मागच्या दगडावर आदळली आणि तिचा तुकडा उडाला. डोळ्यावर रक्त ओघळत असलेल्या भावाला प्रोकिपने शपथेवर बजावले, की आजपासून माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. तो दगड बर्फाने सरकला होता, हे पुढे सगळ्यांनाच दिसले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

भावावर वार केल्याची त्याला लाज वाटली नाही. मला खाच पडल्याची वाटली. रविवारी चर्चपुढे अशी बार्टका मिरवली तर लोक हसतील, म्हणून त्याने मला सरपणाच्या ढिगावर फेकून दिले. तिथे मी लुकिनच्या हाती लागले.

लुकिन पूर्वी नदीतून ओंडक्यांचे तराफे नेत असे. एका पुरात ओंडके त्याच्या पायावर चढले आणि पाय कायमचा अधू झाला. लंगड्याला ना तराफ्यावर काम, ना जंगलात. तो आणि त्याची बायको पारास्का कसाबसा हिवाळा काढत होते. अशात प्रोकिपला आग राखायला माणूस हवा होता. प्रोकिप आपल्या वाट्याच्या कुरणाचा वाताह, म्हणजे तिथल्या मेंढपाळांचा म्होरक्या. मेंढरे वर चढतात त्या संध्याकाळी लाकडावर लाकूड घासून नवी आग पेटवायची, ही आमची रीत. तिला वात्रा म्हणतात. मेंढरे शरदात खाली उतरेपर्यंत वात्रा विझता कामा नये, आणि तिचा एक निखाराही झोपडीच्या उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. निखारा गेला की कळपाचे दैव गेले. लुकिनच्या आधीच्या माणसाने वात्रा विझू दिली, तेव्हा प्रोकिपने त्याचा जबडा मोडला होता.

म्हणून नव्या माणसाला वर नेण्याआधीच तयार करायचे प्रोकिपने ठरवले. दिवेलागण झाली, की तो लुकिनला गावामागच्या देवदारांच्या रानात नेई. ज्याला अंधारात ओल्या लाकडावर आग करता येत नाही, त्याने कुरणावर पाऊल टाकू नये, असे त्याचे म्हणणे. लुकिन चाचपडत खोडाला चीर पाडी, चिरेत आडवी दांडी बसवी आणि दांडीला दोरीचा वेढा देई. दोरीचे एक टोक वाकवलेल्या फांदीला बांधून दुसरे तो ओढत राही. दांडी फिरून फिरून तापे, खोडावर वाढणाऱ्या वाळक्या बुरशीत ठिणगी धरे, आणि दम खात तो फुंकर घाली. ज्वाळा उभी राहिली, की प्रोकिप पुढे होऊन ती लाथेने उधळून देई.

"लांडगा काय वर्दी देऊन येतो?" तो म्हणे. "पुन्हा लाव."

"हात चालेनात, वाताह. गारठलेत."

"मग हे घे, गरम होतील." आणि कमरेचा रुंद पट्टा काढून तो लुकिनच्या पाठीवर ओढी.

मी शेजारच्या ओंडक्यात रुतलेली असे आणि प्रत्येक फटका ऐकत असे. खूप वाटे, की एकदा तरी लुकिनने माझ्याकडे हात न्यावा. पण तो मला फक्त झिलप्या काढायला घेई. घरी पारास्का त्याच्या वळांवर मेंढीची चरबी चोळताना म्हणाली, "हा माणूस तुला आग शिकवतोय का जाळतोय?"

"लंगड्याला दुसरं कोण ठेवणार आहे?" लुकिन म्हणाला. "एवढा उन्हाळा नीट पार पडू दे. मग बघू."

त्याच रानात लुकिनला माझ्या खाचेचा उपयोग कळला. अंधारात सुरीने झिलप्या जाड निघत आणि ओल्या असल्या की धुमसत राहत. एकदा त्याने चिडून काडी माझ्या खाचेतून खेचली, तर तिच्यातून केसासारखे बारीक कुरळे तंतू निघाले. त्यांना ठिणगी दाखवायची खोटी, भक्कन पेटले. त्यानंतर प्रोकिपने कितीही वेळा आग उधळली तरी लुकिन ती पुन्हा उभी करू लागला. शेवटी लाथा घालून प्रोकिपच दमला आणि म्हणाला, की चल वर.

उन्हाळा बरा चालला होता. मका शिजत होता, चीज धुरावर लटकत होते, लुकिन रात्री उठून निखाऱ्यांवर राख सारखी करत होता. मग ऐन उन्हाळ्यात गारठा उतरला. पाऊस आणि बर्फ एकदमच कोसळू लागले. अंधार पडायच्या सुमाराला आमचे दोघे मेंढपाळ कळप आवरायला धावले, आणि दारात तानास येऊन उभा राहिला. हातात लोखंडी भांडे, अंगातून पाणी निथळत होते. त्याच्या झोपडीवर झाड कोसळून छप्पर गेले होते, वात्रा बुडाली होती, आगपेटीतल्या काड्यांचा लगदा झाला होता. हे सगळे त्याने भराभरा सांगितले.

"दादा," तो म्हणाला. त्या डोंगरावर हा शब्द कित्येक वर्षांत कोणी ऐकला नव्हता. "एक निखारा दे. माझा जावई इलाश ओढ्यात पडला होता. आता त्याचे दात वाजायचेही थांबलेत."

प्रोकिप कढईतला कुलेशा, मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, ढवळत राहिला. "वात्रा उंबऱ्याबाहेर जात नाही. तुलाही ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. म्हणून तर हात पसरलाय."

"आणि तू उंबऱ्याच्या आत यायचं नाहीस, हे ठाऊक नाही वाटतं?"

तानासने भांडे टाकले आणि आगीवर झेप घेऊन एक जळते लाकूड ओढले. प्रोकिपने उकळत्या कुलेशाचा डाव त्याच्या तोंडावर हाणला. दोघे एकमेकांच्या उरावर बसत, चावत, लाथा झाडत आगीच्या कडेला लोळले. करपलेल्या केसांचा वास सुटला. तानासच्या बोटांनी प्रोकिपचा गळा धरला, तेव्हा प्रोकिपचा हात चाचपडत ओंडक्यातल्या माझ्यावर आला. त्याने मला उपटले आणि उगारले. मित्रांनो, मला थांबता येत नाही. ज्याच्या हातात दांडा, त्याचीच मी. मी त्याच जुन्या भुवईकडे निघाले होते, इतक्यात लुकिनने आपला डावा हात मधे घातला.

त्याची दोन बोटे राखेत पडली.

भावांची पकड सुटली आणि प्रोकिपच्या हातातून मी गळून पडले.  लुकिनने हात राखेत दाबला, वर फडके आवळून बांधले, बुरशी, दोरी आणि घासायची दांडी सदऱ्यात कोंबली आणि उजव्या हाताने मला जमिनीवरून उचलले.

"कुठं निघालास?" प्रोकिपने विचारले.

"वात्रा बाहेर जात नाही ना? मग नको जायला. मी जातो."

"गेलास तर परत येऊ नकोस, लंगड्या."

लुकिन उंबऱ्यावर क्षणभर थांबला. येणारा हिवाळा, पारास्का, तो अधू पाय, सगळे त्याच्यापुढे उभे राहिले असणार. मग तो बर्फात उतरला आणि तानास त्याच्यामागे धावला.

इलाश एका मोठ्या देवदाराखाली पडला होता, ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. लुकिनने अंधारात खोडाची खालची वाळकी फांदी शोधली. एका हाताने तो मला चालवत होता आणि दुसऱ्याचे रक्त माझ्या दांड्यावर ठिबकत होते. खाचेतून काड्या खेचायला त्याने मला गुडघ्यांत धरले. दोरीचे एक टोक तानासने ओढले, दुसरे लुकिनने. दोरी रक्ताने निसटे, तेव्हा त्याने ती मनगटाला गुंडाळली. दोनदा ठिणगी धरली आणि विझली. तानास रडू लागला. लुकिन त्याला म्हणाला, "रडू नकोस, ओढ. मी याहून वाईट रात्री आग लावलीय, वर मार खात." तिसऱ्यांदा तंतू पेटले. पहाटेपर्यंत इलाशचे दात पुन्हा वाजू लागले होते, आणि त्या कडकडाटाएवढे गोड संगीत मी कुठल्या लग्नातही ऐकलेले नाही.

सकाळी प्रोकिप आला. हातात तानासचेच टाकून दिलेले भांडे होते, रिकामे. मेंढपाळ कळपापाशीच अडकल्याने तो रात्रभर एकटाच वात्रेपाशी बसला होता, पण ती राखायची कशी हे तो कधीचाच विसरून गेला होता. ओली लाकडे टाकली, राख उकरली, आणि वात्रा त्याच्या डोळ्यांदेखत विझली. निखारा बाहेर जाऊ दिला नाही, आणि आतही उरला नाही.

त्याला मागायला तोंड नव्हते. त्याने नुसते भांडे पुढे केले. तानासचा चेहरा भाजून सुजला होता. त्याने भांड्याकडे पाहिले आणि म्हणाला, "वात्रा उंबऱ्याबाहेर जात नाही, दादा."

प्रोकिप मान हलवून वळला.

"पाठ कसली फिरवतोस?" तानास म्हणाला. "आग बाहेर जात नाही. माणूस आत येऊ शकतो की. बस."

तिथे ना उंबरा होता, ना छप्पर. तरी प्रोकिपने टोपी काढली, आत आल्यासारखा वाकून आगीपाशी बसला आणि लुकिनच्या हाताकडे पाहून रडू लागला. त्याला कोणी उगी केले नाही.

पुढच्या वसंतात प्रोकिप लुकिनच्या दारी गेला, की वर चल. लुकिनने एकच अट घातली: आधी वाताहाने आग करायला शिकायचे. त्याच रानात, अंधार पडल्यावर. मी पुन्हा त्याच ओंडक्यात रुतले होते. प्रोकिप गुडघ्यांवर बसून दोरी ओढत होता, फुंकत होता, खोकत होता, आणि आग काही धरत नव्हती. शेवटी त्याने स्वतःच कमरेचा पट्टा सोडला आणि खाली मान घालून लुकिनपुढे धरला. लुकिनने तो तीन बोटांच्या हातात घेतला. 

"बांध तो कमरेला," लुकिन म्हणाला. "विजार घसरतेय. आणि पुन्हा लाव."

मित्रांनो, आता ती माणसे उरली नाहीत. इलाशच्या पणतवंडांनी मला भिंतीवर टांगले आहे. फुलांना चकाकी देतात, धारेला मात्र गंज चढला आहे. हत्याराला दुर्लक्ष मारते, पण त्याहून जास्त त्याची चुकीची कीर्ती मारते. तुम्ही कधी या घरी आलात, तर मी कुणाला मारले ते विचारू नका. मला भिंतीवरून उतरवा, गंज पुसा आणि एक वाळकी काडी माझ्या खाचेतून ओढून पाहा. आणि तेवढ्यात दारात कोणी भिजलेला येऊन उभा राहिला, तर आधी त्याला आत घ्या.