बारावी नळी

बहिणीच्या घराला पहिली चीर गेली तेव्हा मेहुणे म्हणाले, "गिलावा वाळला असेल." आठव्या वर्षी फरशीवर ठेवलेलं लिंबू आपोआप भिंतीकडे घरंगळू लागलं. मेहुणे शेजाऱ्यांना तो खेळ दाखवत.

घर तिथं बांधलं ते माझ्या शब्दावर. मी माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होतो. नदीच्या मुखाजवळची ती जमीन ताटासारखी सपाट. पण हजारो वर्षांपूर्वी समुद्र पुष्कळ खाली गेला होता, तेव्हा नद्यांनी मुखाशी खोल दऱ्या कोरल्या. समुद्र परत चढला आणि त्या दऱ्या गाळानं भरल्या. कुठली जागा दरीवर आहे, वरून कळत नाही. म्हणून भोक पाडून मीटरमीटरच्या नळ्यांत माती काढतात. नळीच्या वरच्या टोकाला लाल टोपण, खालच्या टोकाला काळं. बहिणीच्या प्लॉटवर बोअर मारलं त्या दिवशी लाल टोपणं संपली. शेवटच्या, बाराव्या नळीला मी दोन्हीकडे काळंच लावलं. म्हटलं, लक्षात राहील.

दुसऱ्या दिवशी नळी चिरली. वर चिखल, खाली वाळू. बोअरवाल्याचा फोन आला, "साहेब, अजून खाली जाऊ?"

"वाळू लागली. खांब तिच्यावर टेकतील. आवरा."

घराच्या पायाचे खांब बारा मीटरवर थांबले.

गेल्या आठवड्यात शेजारच्या प्लॉटवर बोअर मारलं. अठ्ठावीस मीटरपर्यंत चिखल. मी जुन्या कोठारातून बारावी नळी काढली. चिखलात एक मिटलेला शिंपला होता, जिवंतपणी रुतला तसाच. हे शिंपले श्वासाची बाजू वर करून उभे राहतात. हा डोक्यावर उभा होता. म्हणजे नळीच मी उलटी धरली होती. वाळू वर होती, जेमतेम हातभर, आणि तिच्याखाली पुन्हा चिखल.

रविवारी नळी घेऊन गेलो. बहीण भाजी निवडत होती.

"अगं, चूक माझी आहे. नळी मी उलटी वाचली."

"तुझं नेहमीचंच रे दादा. मांजर दूध प्यायलं तरी आईला म्हणायचास, माझंच लक्ष नव्हतं."

"हे तसं नाही. खांब बहुधा चिखलातच टेकलेत. घर सोडा."

मेहुणे हसले. "दादा, तुम्ही घराला कुलूप लावलं की नाही ते तीनदा बघता. जन्मात एक गोष्ट ठामपणे सांगितलीत, तीही मागे घेता? आणि बहुधा म्हणजे नक्की नाही ना?"

नक्की होतं. पण चाळीस वर्षं अहवालात 'बहुधा' लिहून माझ्या जिभेला दुसरा शब्द येत नव्हता. मी शिंपला दाखवला. बहीण म्हणाली, "सुरेख आहे."

पुढच्या महिन्यात त्यांची लेक तान्ह्या बाळाला घेऊन कायमची राहायला येणार होती. मागची खोली तिच्यासाठी होती. सगळ्यात जास्त खचलेली तीच. मेहुण्यांनी रंगांचं कार्ड पुढं केलं.

"घर सोडा," मी पुन्हा म्हटलं. आवाज फुटला नसावा.

"काय म्हणालास, दादा?" बहिणीनं विचारलं.

दोघं माझ्याकडे बघत होती. मी कार्डावर बोट ठेवलं.

"हा पिवळा बरा."