कोपऱ्यावरच्या आंधळ्याची तपासणी

चष्मेवाल्याने दुकानाचं दार आतून लावलं, कोपऱ्यावरच्या आंधळ्याला खुर्चीत बसवलं आणि समोरच्या तक्त्याचा दिवा लावला.

दुकानदारांच्या बैठकीत ठरलंच होतं तसं. आंधळा खरा असेल तर सगळ्यांनी मिळून त्याच्या दोन वेळच्या जेवणाची कायमची सोय करायची. खोटा असेल तर कोपऱ्यावरून उठवायचा. दान सत्पात्री पडलं पाहिजे. शंका काढली होती कापडवाल्याने. त्याने म्हणे आंधळ्याला सुईत दोरा ओवताना पाहिलं होतं, तोही एका झटक्यात.

तक्त्यावर फणीसारखे तीन दात्यांचे आकार होते, वर मोठे, खाली बारीक.

"बाबा, दाते कुणीकडे आहेत ते सांगायचं. हा?"

"वर."

दाते खाली होते.

"हा?"

"डावीकडे."

उजवीकडे होते. वीसच्या वीस चुकले. चष्मेवाला मिशीत हसला. दिशा चारच, अंदाजपंचे सांगणाऱ्याचेही पाचएक लागून जातात. सगळे चुकवायचे तर सगळे नीट दिसावे लागतात.

"शेवटची ओळ तर मलाही चष्म्याशिवाय चुकवता येत नाही. उठा आता. ही घ्या काठी."

त्याने काठी बाजूने पुढे केली. आंधळा हात पुढे करेना. काठी त्याच्या कोपरापासून वीतभर होती आणि तो समोर बघत बसला होता. चष्मेवाल्याने ती हळूहळू मध्ये सरकवली. नाकासमोर आल्यावर आंधळ्याने ती अचूक धरली.

चष्मेवाला स्टुलावर बसला.

"बाजूचं दिसत नाही?"

"नळीतून बघितल्यागत दिसतं, साहेब. सुई मावते तेवढ्यात. रस्ता मावत नाही."

"मग तसं सांगायचं की. मुद्दाम चुकवलं कशाला?"

"आधीच्या बाजारात सगळं बरोबर सांगितलं होतं. संध्याकाळच्या आत हाकलला."

दाराच्या काचेवर टकटक झाली. कापडवाला हातांचा आडोसा करून आत डोकावत होता. मागे आणखी दोघं. नळीची हकिकत सांगावी, तर हा गृहस्थ त्यातली नेमकी सुई तेवढी उचलणार. चष्मेवाल्याने तक्त्याचा दिवा मालवला आणि दार उघडलं.

"काय मग? किती बरोबर सांगितले?"

"विसातला एकही नाही," चष्मेवाला म्हणाला.