गल्लीतून दिसणारं मुदान

ते झाड मी पाणी घालून घालून मारलं. आता कबूल करायला माझं काय जातंय? आमचे हे त्या थंडीत गेले आणि घर इतकं गप्प झालं की सकाळी उठून हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून मी बादली उचलायची आणि अंगणातल्या मुदानच्या बुंध्याशी जाऊन बसायची. पाणी घालता घालता चार शब्द बोलायची. आज गारठा फार आहे, कोबी किडलाय, पोराचा, वेईच्युनचा, सूचौहून फोन नाही. उन्हाळ्यात पानं मलूल झाली, तेव्हा वाटलं तहानलंय बिचारं, म्हणून संध्याकाळची आणखी एक बादली सुरू केली. मुदानची मुळं मुळ्यासारखी मांसल, ओल्यात बसली की कुजतात, हे आमच्या गावातलं शेंबडं पोरही सांगेल. मला काय ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण झाडाजवळ गेलं की कोणाकडे तरी गेल्यासारखं वाटायचं, त्याला मी काय करू?

आणि ते काही बाजारात मिळणारं मुदान नव्हे. लाकडी खोडाच्या, मोठाल्या फुलांच्या या पिओनी आमच्याकडे घरोघरी आहेत, पण हे झाड ह्यांनी बियापासून वाढवलं होतं. आठ वर्षं वाट बघितली तेव्हा पहिलं फूल आलं. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं फिकट गुलाबी, आणि पाकळीच्या मुळाशी गडद डाग. तसं दुसरं कुठेच नव्हतं. ह्यांनी त्याला नावसुद्धा दिलं नाही. नाव ठेवलं की लोक मागायला येतात, म्हणायचे. पोटापाण्यासाठी बाकीच्या मुदानची शेकडो कलमं केली, पण या झाडाची एक काडी कोणाला दिली नाही.

मागच्या गल्लीतल्या छियू भाऊजींनी एकदा मागितली होती. तेही कलमं करणारेच, हात ह्यांच्याइतकाच चांगला. हे चार माणसांत तोडून बोलले त्यांना. तुझ्या हातात गेलं की गल्लोगल्ली वाटशील, म्हणाले. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. तरी दर एप्रिलला आमचं झाड फुललं की भाऊजी गल्लीत आमच्या दारासमोर येऊन उभे राहायचे. आत पाऊल टाकायचे नाहीत. हात पाठीशी बांधून, दारातून दिसेल तेवढं बघायचे आणि निघून जायचे. हे म्हणायचे, जळतोय लेकाचा. मीही हसायची.

सप्टेंबर लागला आणि बुंध्याशी वास यायला लागला. खुरप्यानं जरा उकरलं तर मुळं बोटाला चिकटून आली. वर तीन फांद्या तेवढ्या हिरव्या होत्या. आता एकच मार्ग. त्या फांद्यांच्या काड्या कापून शाओयावच्या मुळावर कलम बांधायचं. शाओयाव म्हणजे मुदानची धाकटी बहीण, लाकूड नसलेली, हिवाळ्यात जमिनीखाली जाऊन झोपणारी. तिची मुळं खणून मी सावलीत पसरली, म्हणजे दोन दिवसांत नरम पडतात आणि चिरताना फुटत नाहीत. हे सगळं मला येतं. पुढे सुरा धरायचा होता, आणि तो मी जन्मात धरला नव्हता. आमच्या घरी हे कापायचे आणि मी बांधायची. अडतीस वर्षं. तागाची दोरी माझ्या हातात, सुरा त्यांच्या.

वेईच्युनला फोन केला. म्हणाला, आई, कशाला जिवाला त्रास करून घेतेस, मोबाइलवर हवं ते झाड मागवता येतं, गुलाबीच पाठवतो. पोटचा पोरगा! मी फोन ठेवून दिला.

गावात कलमाचा सुरा धरणारा हात आता एकच उरला होता. ताठा गिळला आणि गेले छियू भाऊजींच्या दारात. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं आणि स्वतः बाहेर येऊन पाठीमागे दार ओढून घेतलं. मनात म्हटलं, बाई, अजून राग धरून बसलेत, आतही घेत नाहीत. तरी सगळं सांगितलं, बादलीचंसुद्धा. ते हसले नाहीत. मुळं कधी काढलीत, एवढंच त्यांनी विचारलं. परवा, म्हटलं. मग आजच करायला हवं, म्हणाले आणि सुरा घेऊन माझ्यामागून आले.

अंगणात आल्यावर ते झाडासमोर बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग पहिली फांदी कापली. आत तपकिरी. दुसरी कापली, तशीच. तिसरी अगदी शेंड्याकडे कापली तरी मधोमध काळी रेघ. मी दोरी ओली करून हातात धरून बसलेली. त्यांनी सुरा पँटला पुसला.

"वहिनी, यात जीव नाही राहिलेला."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि राळ्याची पेज ढवळत बसले, ढवळायची काही गरज नव्हती तरी. हे गेले तेव्हा दवाखान्याला, थंडीला, कोणाला ना कोणाला तरी दोष देता आला होता. या वेळी ह्यांना मीच घालवलं, असं वाटलं. मी रडले, आणि पेज करपली.

बाहेर आले तर भाऊजी गायब. सुरा तिथेच पायरीवर. म्हटलं, निदान येतो तरी म्हणायचं होतं. तेवढ्यात ते परत आले. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. पायरीवर ठेवून त्यांनी फडकं उघडलं. नऊ काड्या होत्या, ताज्या कापलेल्या, अंगठ्याएवढ्या जाड. आणि प्रत्येकीच्या टोकाला लालसर कळी, नाक एका बाजूला वाकडं. दर थंडीत त्या कळ्यांना गवत गुंडाळणारी मी. डोळे गेले तरी बोटांनी ओळखेन.

"कुठून आणल्यात या?"

मग ते बोलायला लागले, जमिनीकडे बघत. बावीस वर्षांपूर्वी माझ्या आईच्या अंत्यविधीला आम्ही तीन दिवस माहेरी गेलो होतो. त्या तीन दिवसांत त्यांनी भिंतीवरून उडी मारून एक काडी नेली होती. एकच. ती जगली, वाढली, आता त्यांच्या छातीएवढं झाड आहे.

"बावीस वर्षं," मी म्हटलं. "आणि फुलं? कोणाला कशी दिसली नाहीत?"

"आलीच नाहीत. येऊ दिली नाहीत. कळ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की खुडायचो. एक जरी फुललं असतं तरी कोणीतरी बघितलं असतं आणि शौथिएनच्या कानावर गेलं असतं."

शौथिएन म्हणजे आमचे हे.

त्यांची बायको दर वर्षी म्हणायची, एक कळी ठेवा, एकच, मी दार लावून बघेन. ते म्हणायचे, पुढच्या वर्षी. ती जाऊन अकरा वर्षं झाली.

मी तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हटलं, भामटा म्हटलं, बावीस वर्षं आमच्या दारात उभं राहायला लाज कशी वाटली नाही, म्हटलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. माझा दम संपल्यावर हळूच म्हणाले, मुळं फार सुकतील, वहिनी.

मग आम्ही बसलो. त्यांनी कापलं, मी बांधलं. काडीची पाचर मुळाच्या चिरेत, वर दोरीचे वेढे, त्यावर चिखल. माझी बडबड चालूच होती आणि हातही चालू होते. एक कलम बांधून झालं की माझा हात पुढच्यासाठी सवयीनं डावीकडे जायचा. हे डावीकडे बसायचे. भाऊजी उजवीकडे बसले होते. नऊच्या नऊ वेळा मी चुकले.

शेवटचं कलम मातीत पुरून वर ढीग करताना त्यांनी विचारलं, पाकळीच्या आतला डाग जांभळा असतो की काळा, गल्लीतून नीट कळत नाही. मला अजून राग होता. तुमच्या झाडाला विचारा, म्हटलं. फक्त एवढं बजावलं की या खेपेला कळ्या खुडल्यात तर माझ्याशी गाठ आहे. त्यांनी मान हलवली, आणि जाताना माझी बादली उचलून घेऊन गेले. वसंतापर्यंत थेंबभर पाणी नाही, म्हणाले.

ती थंडी फार लांबली. मातीचे नऊ ढीग आणि मी. घालायला पाणी नाही, त्यामुळे बोलायलाही निमित्त नाही. नुसत्या ढिगांशी बोलणार तरी काय? मार्च संपता संपता सात ढिगांतून लाल कोंब वर आले. त्यांना फूल यायला अजून तीन-चार वर्षं. तोवर मी असेन की नाही, कोण जाणे.

एप्रिलमध्ये एका सकाळी दार उघडलं तर बादली उंबऱ्यापाशी ठेवलेली आणि भाऊजी गल्लीत उभे. दोन उमललीत, म्हणाले.

त्यांचं दार सताड उघडं होतं. मी आत गेले. तेच रंग, तोच वास, माझ्या तोंडाएवढी दोन फुलं. इतकी वर्षं ते झाड आमच्या भिंतीपलीकडे होतं आणि ह्यांना कधी कळलं नाही. कळलं असतं तर ह्यांनी ते उपटून टाकलं असतं, आणि आज जगात कुठेच काही उरलं नसतं. मला ह्यांची इतकी आठवण आली आणि ह्यांचा इतका राग आला, की कोणाला तरी सांगायला म्हणून मागे वळले, तर मागे कोणी नव्हतं.

भाऊजी स्वतःच्याच दाराबाहेर गल्लीत उभे होते, हात पाठीशी बांधून, दारातून दिसेल तेवढं बघत.

"आत या की, भाऊजी. तुमचंच अंगण आहे."

ते उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. "तिला पुढच्या वर्षी म्हणालो होतो," ते म्हणाले. "मला इथूनच बरं आहे."

मी ओढून आणलं नाही. त्यांच्या स्वयंपाकघरातून दोन स्टुलं उचलली, बाहेर गल्लीत ठेवली, आणि आम्ही बसलो. तिथून फुलं दिसत होती, पण आतला डाग दिसत नव्हता.

"काळा आहे," मी सांगितलं. "कडेला जरासा जांभळा."