नीवेसच्या उंच सुराची फीत

कपाटात एकूण एकसष्ट डबे आहेत. त्यांपैकी साठ पुठ्ठ्याचे, एकाच मापाचे. प्रत्येकाच्या पाठीवर निळ्या शाईत गाव, साल आणि ऑपेराचे नाव. या साठ डब्यांत नीवेस ताराबोत्तीचा आवाज आहे. एकोणीस गावे, तेवीस वर्षे. एकसष्टावा डबा पत्र्याचा आहे, बिस्किटांचा. त्यावर फक्त 'खराब' असे लिहिले आहे. त्यात मी आहे.

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे. लाकडाच्या लगद्यापासून केलेली पातळ पारदर्शक पट्टी आणि तिच्यावर लोखंडाच्या गंजाची तांबूस पूड, एवढेच माझे शरीर. सहा मिलिमीटर रुंद, दोनशे सत्तर मीटर लांब. कारखान्यातून निघाले तेव्हा त्या पुडीचा कणही हलत नव्हता आणि माझ्यावर कुणाचाही आवाज नव्हता. कोरे असणे ही किती स्वस्थ अवस्था होती, हे मला नंतर कळले.

मला विकत घेतले ते अन्सेल्मो गिरार्दीने. पो नदीकाठच्या कास्तेलवेरोत त्याचे सॉसेज आणि सुकवलेल्या मांसाचे दुकान होते. त्याच्या हातांना मिरी आणि लसणाचा वास यायचा, तो अजून माझ्या रिळाला आहे. दुकान हा त्याचा धंदा आणि नीवेस हा त्याचा ध्यास. नीवेस याच गावची, गिरणीवाल्याची मुलगी. ती जिथे जिथे गायली तिथे तिथे अन्सेल्मो आगगाडीने गेला. छोटे बॅटरीवरचे यंत्र कोटाच्या आत, मायक्रोफोन टोपीच्या काठात. थिएटरांत ध्वनिमुद्रणाला बंदी होती, पण दारावरच्या माणसाला दुकानातले एक चांगले सॉसेज दिले की त्याला टोपी दिसायची नाही.

अन्सेल्मोचा जिवलग मित्र लेआर्को मोंतानारी. त्याचे काम चीजचे. चीजच्या मोठ्या चाकांवर तो लहानशी हातोडी मारायचा आणि कान लावून सांगायचा, आत पोकळी आहे की नाही. दोन वर्षे मुरलेले चाक त्याच्या एका शब्दावर पास व्हायचे किंवा बाद व्हायचे. त्यामुळे सर्वांत वरच्या सज्जात लेआर्कोच्या कानाला मान होता. त्या सज्जात स्वस्त तिकिटे आणि महाग मते असायची. खाली मखमली खुर्च्यांवरचे लोक टाळ्या वाजवायला यायचे. वरचे लोक हिशेब घ्यायला यायचे. आमच्याकडे शिट्टी ही शाबासकी नसते. घराची जुनी पोकळ किल्ली ओठांना लावून तिच्यातून शिट्टी फुंकली, की गायिकेने समजायचे, आपण उभे राहू नये.

माझी संध्याकाळ सांगते.

नीवेस पहिल्यांदाच आपल्या गावात गाणार होती. तिसऱ्या अंकात नायिकेला वेड लागते आणि त्या गाण्याच्या शेवटी एक सूर अगदी वर जातो. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर वरच्या सप्तकातली काळी दोन. तो सूर लिहिल्याप्रमाणे गाण्याची हिंमत नसेल तर गायिका वादकांना गुपचूप पट्टी अर्ध्या सुराने उतरवायला लावते. मग तोच सूर पांढरी दोनवर येतो. साध्या माणसाला फरक कळत नाही. सज्जाला कळतो. सज्जाच्या लेखी पट्टी उतरवणे म्हणजे दुधात पाणी.

गुरुवारची तालीम लेआर्को दारामागे उभा राहून ऐकून आला होता. नीवेसला सर्दी होती आणि तालमीत तिने पट्टी खरोखरच उतरवली होती.

"शनिवारी पण उतरवणार," तो दुकानात म्हणाला. "लिहून घे."

"तालीम ती तालीम," अन्सेल्मो म्हणाला. "तू पण घरी बायकोसमोर गातोस तसा चर्चमध्ये गातोस का?"

"मी किल्ली घेऊन येणार."

"ये. कुलूप मात्र आपल्या तोंडाला लाव."

शनिवारी अन्सेल्मोला उशीर झाला. सज्जाच्या दारापाशी, बाहेर जाण्याच्या खुणेच्या दिव्याखाली त्याला शेवटची जागा मिळाली. तो दिवा सतत घूं करत होता. दुसऱ्या मध्यंतरात अन्सेल्मोने यंत्रातल्या बॅटऱ्या बदलल्या. नव्या घातल्या की दुकानातल्या जुन्याच, हे मला सांगता येत नाही. फितीला बॅटरी दिसत नाही. मग तिसरा अंक सुरू झाला आणि मी यंत्राच्या हेडसमोरून सरकू लागले. जे आले ते पुडीच्या कणांवर उमटत गेले: वेडाचे गाणे, कुणाची तरी खुर्ची, दिव्याची घूं, आणि शेवटी तो सूर. सूर चार सेकंद टिकला. पाचव्या सेकंदाला माझ्या अगदी जवळून किल्लीची शिट्टी आली. मग दुसरी. मग सज्जाभर.

अन्सेल्मोचा आवाजही माझ्यावर आहे. "लेआर्को, गाढवा!"

नीवेस उरलेला अंक पूर्ण गायली. दुसऱ्या दिवशी ती गाव सोडून गेली आणि कास्तेलवेरोत पुन्हा कधी गायली नाही.

तेव्हापासून माझा जीव स्वस्थ नाही. कारण त्या रात्रीचा पुरावा म्हणून मला पुढे केले गेले, आणि मला स्वतःलाच उत्तर ठाऊक नव्हते. अन्सेल्मोने मला चर्चच्या पेटीशेजारी वाजवले. पाद्री ऐत्तोरेंनी पेटीवर काळी दोन धरली. माझा सूर तिच्या खाली निघाला. मग पांढरी दोन धरली. तिच्या वर निघाला. बरोबर मधोमध, दोन्ही पट्ट्यांच्या फटीत.

"बघ! पांढरीच्या वर आहे!" अन्सेल्मो ओरडला.

"काळीच्या खाली आहे," लेआर्को म्हणाला. "आणि तुझ्या बॅटऱ्या मरायला टेकल्या होत्या. ध्वनिमुद्रण करताना यंत्र रेंगाळलं, की नंतर वाजवताना सगळं उंच ऐकू येतं. खरा सूर याच्याही खाली. पांढरी दोन. झालं?"

"मी बदलल्या होत्या बॅटऱ्या!"

"तू? तुझ्या दुकानातला गेलेला बल्ब तू ईस्टरपासून बदलला नाहीस."

पाद्री ऐत्तोरे हसले. अन्सेल्मो हसला नाही. त्याने मला रिळावर गुंडाळले, टोपी घातली आणि निघून गेला. ते दोघे पुढे बेचाळीस वर्षे एकाच चौकात राहिले आणि एकमेकांना फक्त मान हलवत राहिले.

तरीही काही काळ माझे कौतुक झाले. नीवेसच्या आवाजाचे संग्राहक सगळीकडे होते: त्रिएस्तेत एक दातांचा डॉक्टर, लियोंमध्ये एक शाळामास्तरीण, नेपल्सला दोघे भाऊ. त्यांचा रिवाज पक्का होता. फितीच्या बदल्यात फीत, पैसे नाहीत. माझ्या प्रती त्यांच्याकडे गेल्या. पण या मंडळींची एक खोड होती, आणि ती मोठ्या प्रेमातून आली होती: प्रत्येक जण मिळालेली फीत 'धुऊन' पुढे पाठवायचा. खरखर काढायची, खोकले कापायचे आणि सगळ्यांत आधी ती दिव्याची घूं गाळायची. त्रिएस्तेच्या डॉक्टरांनी लिहिले, "तुमची फीत फार घाण होती, मी तिला आंघोळ घातली." अन्सेल्मोला ती धुतलेली प्रत इतकी आवडली की त्याने तीच पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवली. मूळ मी बिस्किटांच्या डब्यात गेले. वर 'खराब' लिहिले गेले.

डब्यात काळोख असतो, पण शांतता नसते. माझी पट्टी आतून आंबू लागली. वर्षागणिक मी आकसत होते, कडक होत होते आणि पूड सुटत होती. माझ्यावरचे चार सेकंद आधी जातात की त्यांचा अर्थ आधी लागतो, एवढाच विचार मी करत असे.

गेल्या हिवाळ्यात अन्सेल्मो वारला. संग्रह त्याच्या मुलीकडे, फोस्काकडे आला. ती गावच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. तिने सगळे डबे ग्रंथालयाला द्यायचे ठरवले आणि नीवेसला बोलावले. ब्याऐंशी वर्षांची नीवेस फोनवर म्हणाली, येते. समारंभ रविवारी. आणि स्वागताचे चार शब्द बोलणार सज्जाच्या मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे लेआर्को.

शुक्रवारी दुपारी तो अन्सेल्मोच्या घरी, फोस्काच्या स्वयंपाकघरात आला. हातात चीजचा तुकडा, कागदात गुंडाळलेला.

"पोरी, मला कळायला हवं."

"काय, लेआर्को काका?"

"सोंग करू नकोस. तिनं पट्टी उतरवली होती की नव्हती? उतरवली असेल तर मी तिचा हात हातात घेऊन म्हणेन, बाई, जुनं झालं, विसरू या. नसेल उतरवली तर हे वाक्य मी कुठल्या तोंडानं म्हणू?"

"बाबांची फीत आहे की."

"तुझ्या बाबाची फीत मधेच लटकलीय. त्याच्यासारखीच."

फोस्का विचारात पडली. मग तिने पुठ्ठ्याच्या डब्यातली स्वच्छ प्रत लावली, कॉम्प्युटरला जोडली आणि पडद्यावर रेघा पाहिल्या. "काका, थिएटरात एखादा दिवा होता का जवळ? ट्यूबचा?"

"होता ना. दारावरचा. घूं घूं करायचा मेला. का?"

"आपल्याकडे त्या दिव्याची घूं सेकंदाला बरोबर शंभर वेळा थरथरते. वीजच तशी येते. गायिकेला सर्दी असो की नसो. ती घूं सापडली तर तीच आपली मोजपट्टी. पण या प्रतीत ती नाहीच. कुणीतरी गाळून टाकलीय."

"त्या दातवाल्यानं," लेआर्को म्हणाला. "किडका दात सोडून बरोबर अक्कलदाढ उपटली."

मग फोस्काने बिस्किटांचा डबा उघडला. आंबट वास स्वयंपाकघरभर पसरला.

"अन्सेल्मोनं हिला व्हिनेगरमध्ये मुरवलीय वाटतं."

"काका, हात लावू नका. ही कडक झालीय. एकदा वाजेल. दुसऱ्यांदा वाजेल असं मी सांगत नाही."

तिने मला कापसाने पुसले. तांबूस पूड कापसावर आली. ती माझीच होती. मला घाई झाली होती आणि भीतीही वाटत होती, आणि दोन्हींचा माझ्या हलण्याशी काही संबंध नव्हता. मी फक्त तेव्हाच हलते जेव्हा कुणी मला फिरवते.

फोस्का समजावत होती. "सूर आणि घूं दोन्ही एकाच क्षणी एकाच फितीवर आलेत. फीत रेंगाळली असो की पळाली असो, दोन्ही सारखेच बिघडलेत. घूं शंभराच्या वर निघाली तर तुम्ही म्हणता ते खरं. यंत्र रेंगाळत होतं, तिनं पट्टी उतरवली होती. घूं शंभराच्या खाली निघाली तर बॅटऱ्या नव्या होत्या, यंत्र पळत होतं, आणि ती काळी दोनवर गायली."

लेआर्कोने चीजवरचा कागद सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

"काका, नको असेल तर राहू दे. रविवारी फुलं द्या, दोन शब्द बोला. बाईंनी स्वतःहून काही विचारलेलं नाही."

"चाळीस वर्षं मी चीजवर हातोडी मारली," तो म्हणाला. "आत पोकळ असेल तर कुणाच्या बापाचं असो, बाद केलं. लोक रडले माझ्यासमोर. आता हातोडी माझ्यावर आली तर मी फुलं घेऊन पळू?" त्याने खुर्ची ओढली. "तालमीत मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. शनिवारी मी..." तो थांबला. "शनिवारी मी ऐकलं की नाही, तेच मला आठवत नाही. किल्ली आधीच हातात होती. लाव."

मित्रांनो, मला फिरवण्याआधी माझे एवढे ऐका. तुमच्या घरी एखादी जुनी फीत असेल, तबकडी असेल, कुणाच्या तरी आवाजाचा तुकडा असेल. त्याला ऊन आणि ओल लागू देऊ नका. वर्षातून एकदा उघडून वारा द्या. आणि त्याला स्वच्छ करायचे असेल तर आधी जशी आहे तशी एक प्रत करून बाजूला ठेवा. जे तुम्हाला आज घाण वाटते, त्याच्यावाचून उद्या कुणाचा तरी खरेपणा ठरणार नसेल, हे तुम्हाला आधी कळत नाही. मला डब्यात ठेवणाऱ्याचे माझ्यावर प्रेम होते. प्रेम पुरत नाही.

फोस्काने रीळ बसवले. माझे टोक यंत्रात ओवले. लेआर्कोने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी सरकू लागले.

आधी खुर्ची आली. मग वादक. मग नीवेस, सर्दी नसलेली किंवा असलेली, बेचाळीस वर्षांनी तरुण. गाणे चढत गेले. लेआर्कोचे ओठ शब्दांबरोबर हलत होते. माझ्यामधून कुठेतरी एक बारीक तडा गेला, पण फोस्काचे बोट वेळेवर रिळावर आले आणि मी तुटले नाही. मग तो सूर आला.

एक. दोन. तीन. चार.

शिट्टी येताच लेआर्कोने डोळे मिटले. "लेआर्को, गाढवा!" असे अन्सेल्मो म्हणाला, त्याच स्वयंपाकघरात, त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून बसलेल्या माणसाला.

फोस्काने मला थांबवले. तिने पडद्यावरचे ते चार सेकंद वेगळे केले, वरचा आवाज बाजूला सारला आणि खाली, अगदी तळाशी, एक बारीक सरळ रेघ राहिली. तिने कळ दाबली. आकडे थोडे मागेपुढे झाले.

"स्थिर झाला का?" लेआर्कोने डोळे न उघडता विचारले.

"झाला."

"वाच."

"सत्त्याण्णव पूर्णांक दोन दशांश."